घड्याळाशी स्पर्धा, पण सबुरीने

चेन्नई सेंट्रलहून उत्तरेकडे निघणाऱ्या अनेक लोकल गाड्यांचा प्रवास गुम्मिडिपूंडीला संपतो. आंध्र प्रदेशाच्या सीमेलगतचे हे गाव सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीमुळे नावारूपास आले. येथे पाळीने काम करणाऱ्या मनुष्याने, मग तो तमिळ असो वा नोकरीनिमित्त आलेला मराठी, जानेवारीत होणाऱ्या चेन्नई मॅरेथॉनमधील दहा किलोमीटरच्या शर्यतीत स्वतःचीच सर्वोत्तम वेळ मोडायचे ठरविले, तर त्याने प्रथम विचार करावा तो हवेचा. बुटांचा विचार नंतर केला तरी चालेल.

किनारपट्टीच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. आणि शरीर थंड होते ते घाम वाळल्याने. उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, स्नायूंचा वाटा घटतो आणि तीच गती राखण्यास हृदयाला अधिक श्रम पडतात. म्हणून मे महिन्यातील पहाटेची वेळ जानेवारीतील वेळेहून मागे पडली, तर ती धावपटूची अधोगती नव्हे. तरीही हौशी मंडळी नेमकी याच दिवसांत घड्याळ पाहून खचतात किंवा ईर्षेने रोज जोर लावतात. यातील दुसरा प्रकार अधिक घातक. रात्रपाळी संपवून, झोप न घेता, ऊन चढत असताना वेगाने धावणे याला जिद्द म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो उष्माघाताचा धोका ओढवून घेणे होय.

साठ मिनिटांचे पंचावन्न करायचे म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे तीस सेकंद वाचवायचे. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु ते तीस सेकंद रोज वेगाने धावून मिळत नाहीत. आठवड्यातील बहुतेक दिवस सोबत्याशी सहज बोलता येईल इतक्या संथ गतीने धावावे. एखाद्याच दिवशी एकेक किलोमीटरचे चार-पाच टप्पे साडेपाच मिनिटांच्या गतीने, मध्ये विश्रांती घेत, पूर्ण करावेत. संथ धावण्यात कमीपणा मानणारा धावपटू बहुधा दुखापतीने घरी बसतो.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात असताना धावण्याकडे वळला. त्याची ३,००० मीटर स्टीपलचेस ही मैदानी अडथळ्यांची शर्यत, रस्त्यावरची नव्हे. पण सेकंदांचा हिशेब तोच. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे स्वतःचाच विक्रम वारंवार सुधारत २०२४ मध्ये पॅरिसला तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर पोहोचला. पूर्णवेळ सराव करणाऱ्या असामान्य धावपटूला वीस सेकंदांसाठी सुमारे सहा वर्षे लागली. हौशी धावपटूला सुधारणेस वाव अधिक असतो हे खरे. तरी सहा आठवड्यांत पाच मिनिटांची अपेक्षा जरा अतिच म्हणावी लागेल.

ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. एखादा आठवडा बुडाला, तर त्याचे अंतर पुढील आठवड्यात भरून काढण्याच्या भरीस पडू नये. कर्जाचा थकलेला हप्ता भरावा लागतो, धावण्याचा नाही. शर्यतीच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणावे, आणि आदल्या दिवशी रात्रपाळी येत असेल, तर सहकाऱ्याशी बोलून ती वेळीच बदलून घ्यावी.