लाल दिव्याचा ताळेबंद

गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या ज्येष्ठांना फिजिओथेरपी केंद्रातील लाल दिव्याचा शेक नवा नाही. कावीळ झालेल्या नवजात बालकास निळ्या प्रकाशाखाली ठेवलेलेही अनेक कुटुंबांनी पाहिले आहे. प्रकाशात औषधी सामर्थ्य असू शकते, ही कल्पना त्यामुळे आपल्याकडे कोणास परकी वाटत नाही. नेमक्या याच विश्वासाच्या आधारे गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू घराघरांत प्रवेश करू पाहत आहे : टेबलावर ठेवावयाचे, लाल व अवरक्त किरण सोडणारे एलईडी दिव्यांचे पॅनेल.

काही हजार रुपयांत मिळणारे हे पॅनेल घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न वरकरणी आरोग्याचा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्याची रीत बँक व्यवसायास चांगलीच परिचित आहे. कर्जाच्या अर्जाची छाननी करताना अर्जदाराच्या वाक्‌चातुर्यापेक्षा कर्जाचा हेतू, कागदावरील आकडे आणि परतफेडीची मुदत यांना महत्त्व दिले जाते. पॅनेलची छाननीही याच तीन कसोट्यांवर व्हावयास हवी.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या उपचारामागील विज्ञान अगदीच निराधार नाही. त्वचेच्या क्षयरोगावर प्रकाशाचा यशस्वी वापर केल्याबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात त्यांच्या उपचारातील किरण वेगळे होते. पुढे १९६७ मध्ये बुडापेस्ट येथील एन्द्रे मेस्टर यांना असे आढळले, की मंद लाल लेसर दिलेल्या उंदरांच्या अंगावरील केस लवकर उगवतात. केमोथेरपी वा किरणोपचारांमुळे तोंडात होणारे व्रण टाळण्यासाठी विशिष्ट कर्करुग्णांना हा प्रकाशोपचार द्यावा, अशी शिफारस आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. मात्र तेथे प्रकाशाची मात्रा मोजलेली असते आणि ती देणारा हात प्रशिक्षित असतो. रुग्णालयातील या यशाची पुण्याई टेबलावरील प्रत्येक दिव्याच्या खाती परस्पर जमा करता येत नाही.

पहिली कसोटी हेतूची. आनुवंशिक टक्कल, चेहऱ्यावरील बारीक सुरकुत्या, सांध्यांचे दुखणे अशा मोजक्या तक्रारींत काही अभ्यासांनी मर्यादित लाभ दाखविला आहे. सांधेदुखीबाबतचे निष्कर्ष संमिश्र आहेत. याउलट मधुमेह, थायरॉइड आणि लठ्ठपणापासून निद्रानाशापर्यंत सर्व व्याधींवर एकच दिवा चालतो, असे जेथे सांगितले जाते तेथे सावध व्हावे. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी हे पॅनेल घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की ते जीवनसत्त्व त्वचेत तयार होते ते अतिनील किरणांमुळे. लाल प्रकाशाचा त्यात वाटा नाही.

दुसरी कसोटी आकड्यांची, आणि येथेच सामान्य ग्राहक सर्वाधिक फसतो. खोक्यावर ‘३०० वॅट’ असे ठळक छापलेले असते. प्रत्येकी ५ वॅट क्षमतेचे ६० दिवे, असा हा केवळ कागदी गुणाकार असतो. प्रत्यक्षात असे पॅनेल पुष्कळदा ६० वॅटच्या आसपासच वीज घेते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार. याची पडताळणी घरच्या घरी होऊ शकते. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक युनिट वीज खर्च होताना दिवा किती वेळा लुकलुकतो, तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर घरातील इतर सर्व उपकरणे बंद ठेवून पॅनेल पंधरा मिनिटे चालवावे. ३०० वॅटचे पॅनेल २४० वेळा लुकलुकवील. ६० वॅटचे केवळ ४८ वेळा.

पुढचा हिशेबही अवघड नाही. पॅनेलचा पृष्ठभाग ३० बाय २० सेंटीमीटर, म्हणजे ६०० चौरस सेंटीमीटर धरला, तर ६० वॅट विजेचा कण न् कण प्रकाशात बदलला तरीही प्रत्येक चौरस सेंटीमीटरच्या वाट्यास सरासरी १०० मिलीवॅटच येतात. वास्तवात विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. अशा स्थितीत कोणी १५० मिलीवॅटचा दावा करीत असेल, तर तो आकडा एक तर भिंगामुळे मध्यबिंदूवर एकवटलेल्या प्रकाशाचा आहे किंवा चुकीच्या मापकाचा. सूर्यप्रकाश मोजण्यासाठी बनविलेली स्वस्त यंत्रे या दिव्यांची तीव्रता वाढवून दाखवितात, हे सर्वज्ञात आहे. शिवाय शरीर पॅनेलपासून जितके दूर, तितकी मात्रा कमी. म्हणून तीव्रतेचा आकडा किती अंतरावरचा आहे, हे न सांगणाऱ्या विक्रेत्याकडे पाठ फिरवावी.

मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. ५० मिलीवॅट तीव्रतेचा प्रकाश २०० सेकंद मिळाला, की प्रत्येक चौरस सेंटीमीटरला १० ज्यूल पोचतात. मात्रा वाढविली की लाभ वाढतोच असे नाही. प्रयोगांत अतिरिक्त मात्रेने परिणाम घटल्याचेही दिसले आहे. पंधरा मिनिटांऐवजी तासभर बसण्यात शहाणपण नाही.

खरेदीपूर्वी तरंगलांबीही पाहावी. सामान्यतः ६३० ते ६६० नॅनोमीटर लाल आणि ८१० ते ८५० नॅनोमीटर अवरक्त, असे दोन पट्टे असतात. अवरक्त दिवे डोळ्यांना जवळजवळ विझलेले भासतात. बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ते पेटलेले दिसतात. मात्र न दिसणाऱ्या किरणांपुढे डोळ्यांची बाहुली आकसत नाही. त्यामुळे पॅनेलकडे टक लावून पाहू नये आणि चेहऱ्यावर उपचार घेताना संरक्षक चष्मा लावावा. नेत्रपटलाचा विकार असणाऱ्यांनी, प्रकाशाची संवेदनशीलता वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि चेहऱ्यावर वांग असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरी कसोटी मुदतीची. विजेचा खर्च नगण्य आहे. रोज पंधरा मिनिटे वापरूनही महिन्याला अर्धे युनिट जळत नाही. खरा खर्च किमतीचा आणि सातत्याचा. समजा, पॅनेल ९,००० रुपयांचे आहे. आठवड्यातून तीनदा याप्रमाणे दोन वर्षे वापरल्यास प्रत्येक वेळेचा खर्च सुमारे २९ रुपये पडतो. तीन महिन्यांत उत्साह ओसरून ते माळ्यावर गेले, तर तोच खर्च २५० रुपयांवर जातो. म्हणून खरेदीच्या दिवशीच एक तक्रार, एक मोजमाप आणि एक मुदत वहीत लिहून ठेवावी : किती पायऱ्या चढल्यावर गुडघा दुखतो, अथवा टाळूचे त्याच उजेडात काढलेले छायाचित्र. बारा किंवा सोळा आठवड्यांनी नोंद ताडून पाहावी. फरक नसेल, तर खाते बंद करावे. ज्या वस्तूचा लाभच अनिश्चित आहे, ती क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घेऊ नये, हे सांगण्यास बँकेच्या नियतकालिकाने संकोच करू नये.

‘एफडीए नोंदणीकृत’ या शब्दांनीही भुलून जाऊ नये. अमेरिकेतील त्या यंत्रणेकडे केलेली नोंदणी ही मान्यता नव्हे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. उपचाराचा दावा करणाऱ्या विक्रेत्याकडे परवान्याचा तपशील मागणे हा ग्राहकाचा अधिकार आहे. पक्के बिल, हमीपत्र आणि परतीच्या अटी जपून ठेवाव्यात. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

तरीही या व्यवहारातील सर्वांत मोठी जोखीम पैशाची नाही. नऊ हजार रुपये बुडाले तर ते पुन्हा मिळविता येतात. परंतु बरी न होणारी जखम, सुजलेला सांधा किंवा रंग बदलणारा तीळ घेऊन एखादी व्यक्ती चार महिने दिव्यापुढे बसून राहिली, तर ते चार महिने कोणत्याही व्याजदराने परत येत नाहीत. निदान आधी आणि दिवा नंतर, हा क्रम पाळला तर स्वस्त पॅनेललाही घरात जागा असू शकते. तो क्रम उलटला, तर फुकट मिळालेले पॅनेलही महागच पडेल.