पाच रुपयांचा वॉशर आणि तीनशे रुपयांची मजुरी

"वॉशर पाच रुपयांचा आणि मजुरी तीनशे?" शहरातल्या बहुतेक घरांत हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. नळ ठिबकत असतो, पंख्याचा रेग्युलेटर गेलेला असतो, दाराची कडी निखळलेली असते. मिस्त्री येतो, वीस मिनिटांत काम उरकतो आणि पैसे सांगतो. मग घासाघीस सुरू होते. दोनशे घे. बरं, दीडशे घे. एवढंसं तर काम होतं!

वरवर पाहता हे भांडण शंभर-दीडशे रुपयांचे आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. हाताच्या कामाला किंमत असते की नाही, आणि असली तर ती ठरवायची कोणी? आंबेडकरी कार्यकर्त्यांनी याकडे किरकोळ घरगुती बाब म्हणून पाहू नये.

आधी साधा हिशोब करू. समजा एका मिस्त्रीला दिवसाला सरासरी तीन कामे मिळतात आणि प्रत्येकाचे तीनशे रुपये येतात. झाले नऊशे. पेट्रोल, मोबाईल, हत्यारांची झीज यात दोनशे गेले, तर हातात सातशे राहिले. महिन्याला पंचवीस दिवस काम धरले तर साडेसतरा हजार. यातच घरभाडे, पोरांची फी आणि म्हाताऱ्या आईबापाचे औषधपाणी. पीएफ नाही, ईएसआय नाही, भरपगारी रजा नाही. शिडीवरून पाय घसरला की दवाखान्याचा खर्च त्याचा आणि बुडालेली मजुरीही त्याचीच. म्हणजे ते तीनशे रुपये वीस मिनिटांचे नसतात. येण्याजाण्याचा वेळ, रिकामे गेलेले दिवस आणि दहा वर्षांत कमावलेले कसब, सगळे त्यात असते.

आता दुसरीकडे पाहा. डॉक्टर पाच मिनिटे तपासतो, चिठ्ठी लिहितो आणि पाचशे रुपये घेतो. "कागद तर रुपयाचा आहे, पाचशे कसले?" असे आपण विचारतो का? वकिलाची फी शाईच्या किमतीवरून मोजतो का? नाही. तिथे आपण ज्ञानाचे पैसे देतो. मग भिंतीआड पाईप नेमका कुठे गळतोय हे आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाकडे ज्ञान नसते काय? असते. पण ते त्याच्या हातात असते, आणि या देशाने हाताला कायम डोक्याच्या खालची पायरी दिली आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच उघडे पाडले. कामाच्या सोयीसाठी केलेली वाटणी म्हणून जातीचे समर्थन करणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले की ही व्यवस्था काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि वर-खाली रचते.

घासाघिशीचे मूळ याच रचनेत आहे. गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार, मांग, महार यांच्या कामाला ठरलेला दर नव्हता. वर्षभर राबायचे आणि खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे, हे बलुते. महार वतनात तर गावाचे आणि सरकारचे काम रात्री-अपरात्री करायचे आणि मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन, थोडे बलुते आणि दारोदारची भाकर. कामाला किंमत नव्हती, होती ती देणाऱ्याची मर्जी. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

वतन गेले, पण मर्जी गेली का? काम संपल्यावर आजही मिस्त्री म्हणतो, "साहेब, तुम्हाला काय द्यायचं ते द्या." या वाक्यात बलुते अजून जिवंत आहे. आज पाना-पक्कड घेऊन दारात येणारा माणूस बौद्ध असेल, ओबीसी असेल किंवा उत्तर प्रदेशातून आलेला मुस्लिम कारागीर असेल. त्याच्या मागे युनियन नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. पण किमान वेतन मागायला मालक लागतो. रोज नव्या दारात जाणाऱ्या मिस्त्रीला मालकच नाही. म्हणून आधी सांगितलेला दर हेच त्याचे संरक्षण आहे.

यातही एक उतरंड आहे. नळासाठी प्लंबर येतो, त्याला 'भाऊ' म्हणतात, चहा विचारतात. संडास तुंबला की मात्र वॉचमनला सांगून 'दुसरा माणूस' शोधला जातो. त्याला मागच्या जिन्याने आणतात आणि पैसे लांबूनच देतात. हा 'दुसरा माणूस' बहुतेक वेळा कोणत्या जातीचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. सेप्टिक टँक साफ करायची वेळ आली की सोसायटीच्या बैठकीत सक्शन गाडी महाग वाटते आणि माणूस स्वस्त. इथे घासाघीस थेट जिवाची होते. २०१३ च्या हाताने मैला सफाई प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ नुसार गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला मनाई आहे. हा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे महापरिनिर्वाणदिनापासून लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'ठेकेदाराने उतरवला' ही पळवाट चालत नाही, कारण अप्रत्यक्षपणे कामाला लावणेही कायद्यात धरले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूची भरपाई तीस लाख केली. पण भरपाईने बाप परत येत नाही.

कोणी म्हणेल, मिस्त्रीसुद्धा लुटतात. काही लुटतात, खरे आहे. आणि वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या बाईला तीनशे रुपये हा दोन वेळच्या बाजाराचा पैसा आहे, हेही खरे. पण त्यावर घासाघीस हा उपाय नाही. घासाघिशीत जो जोराने बोलतो तो जिंकतो, आणि ती बाई तिथेही हरते. दर आधी ठरला, व्हिजिट, मजुरी आणि सामान वेगवेगळे सांगितले, सामानाची पावती दाखवली, तर गिऱ्हाईकही वाचते आणि कारागीरही.

एक गैरसमज आताच दूर करतो. आपल्या पोरांनी शिक्षण सोडून पाना हातात घ्यावा असे मी म्हणत नाही. 'कौशल्या'चे गोडवे गाऊन आपल्याला पुन्हा खालच्याच पायरीवर बसवणारे पुष्कळ आहेत. त्यांना ओळखा. मुद्दा एवढाच की हे काम जो कोणी करेल, त्याला पुरा दाम आणि पुरा मान मिळाला पाहिजे.

मग करायचे काय? वस्तीतल्या आयटीआय झालेल्या वायरमन-प्लंबर पोरांना एकत्र बसवा आणि कामांचे दरपत्रक तयार करा. ते छापून विहारात, चौकात लावा. गरीब घरांसाठी सवलतीचा दर त्यांनी स्वतः, आपसांत ठरवावा. वॉशर बदलणे, फ्यूज बांधणे यांसारखी साधी कामे रविवारी विहारात बायाबापड्यांनाही शिकवा. आणि जे आता फ्लॅटमध्ये राहायला गेले आहेत, त्यांनी सोसायटीच्या बैठकीत उठून सांगावे की टाकीत माणूस उतरणार नाही, गाडीच येईल.

आपल्या बापजाद्यांना कामानंतर हात पसरावा लागत होता. आज आपण देणाऱ्याच्या जागी उभे असू, तर दुसऱ्याला हात पसरायला लावायचे नाही. दर आधी विचारा, पटला तर काम सांगा, आणि काम झाल्यावर पुरे पैसे त्याच्या हातात द्या.

जय भीम!