रविवारी विहाराला कुलूप का?

वस्तीतली एखादी बौद्ध बाई ख्रिस्ती प्रार्थनेला जाऊ लागली की आपल्यातले काही तरुण चवताळून उठतात. "बाबासाहेबांशी गद्दारी केली", "तांदळाच्या पोत्याला विकली गेली" अशी भाषा सुरू होते. ही भाषा कोणाची आहे? आपल्या आजा-आजींनी १९५६ साली धर्म बदलला तेव्हा त्यांनाही असेच हिणवले गेले होते. आणि लोभाचेच म्हणाल, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताच्या अनुसूचित जातीच्या सवलती जातात. नवबौद्धांना केंद्राने त्या १९९० साली दिल्या. म्हणजे कागदावर ख्रिस्ती होणारा माणूस गमावतोच. मग आपली माणसे तिकडे जातात कशासाठी?

आम्ही स्वतः लहानपणी चर्चमध्ये गेलो आहोत, म्हणून बोलतो. नगर जिल्ह्यात मिशनरींचे काम एकोणिसाव्या शतकापासूनचे. महार-मांगांची कितीतरी घराणी तेव्हाच ख्रिस्ती झाली. आमच्या वस्तीत बौद्धांच्या भिंतीला लागून ख्रिस्त्यांची भिंत होती. शेजारच्या मावशी रविवारी सकाळी आपल्या पोरांबरोबर आम्हालाही तेल लावून, भांग पाडून शब्बाथ शाळेला न्यायच्या. आमच्या आईने कधी अडवले नाही.

त्याआधी धर्म म्हणजे आमच्यासाठी गावातले मारुतीचे देऊळ. तिथे आम्ही पायरीखाली उभे राहायचो आणि प्रसाद वरून हातात टाकला जायचा. चर्चमध्ये आम्ही सगळ्यांबरोबर बाकावर बसलो. पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजने म्हटली जायची. पाळकसाहेब साध्या मराठीत बोलायचे, पोरासोरांनाही कळायचे. प्रार्थनेच्या वेळी ते आजारी माणसांची नावे घ्यायचे. एकदा आमचे वडील दवाखान्यात होते, तर त्यांचेही नाव घेतले. वडील बौद्ध, चर्चशी त्यांचा काही संबंध नाही. भरल्या सभेत आपल्या बापाचे नाव कोणी मानाने घेतो आहे, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

पण त्याच जागी आम्हाला हेही शिकवले गेले की माणूस जन्मतःच पापी आहे. नरकातल्या आगीचे वर्णन ऐकून आम्हाला रात्री झोप लागायची नाही. आठ वर्षांच्या पोराने असे कोणते पाप केले होते? गावाने आम्हाला जन्माने विटाळ ठरवले होते, इथे जन्माने पापी ठरलो. शिवाय चर्चमध्ये जाऊन जातही संपत नाही. तामिळनाडूत दलित ख्रिस्त्यांना मेल्यावरही वेगळ्या जागी पुरल्याची उदाहरणे आहेत. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या या स्थितीवर बाबासाहेबांनी परखडपणे लिहून ठेवले आहे. म्हणून चर्चमध्ये जा, असे आम्ही कोणाला सांगत नाही.

आमचे म्हणणे वेगळे आहे. त्या सभेतले जे आम्हाला चांगले वाटले, ते सगळे बाबासाहेबांनी आपल्यासाठीही मागितले होते. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिताना त्यांनी बौद्धांसाठी बायबलसारख्या एका ग्रंथाची गरज सांगितली. पुढे स्वतःच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. धम्मप्रसाराच्या त्यांच्या आराखड्यात दर रविवारी विहारात सामुदायिक वंदना आणि त्यानंतर प्रवचन असावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

त्याचे आपण काय केले? बहुतेक वस्त्यांत विहार १४ एप्रिलला आणि वैशाख पौर्णिमेला उघडतो. वर्षावासात ग्रंथवाचन होते, तेवढे तीन महिने बरे. एरवी कुलूप, आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी. वंदना पाली भाषेत पाठ, पण अर्थ विचारला तर मोठ्यांनाही सांगता येत नाही. मंडळाचे कार्यकर्ते दारात येतात ते वर्गणीचे पुस्तक घेऊन. घरात कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, हे विचारायला कोणी येत नाही. नवरा दारूत बुडालेला, पोरगी तापाने फणफणलेली, अशा बाईला प्रार्थनावाले विचारतात आणि आपण विचारत नाही. ती कुठे जाईल?

प्रार्थनेने रोग बरा होतो, हे थोतांड आहे. ते तिला सांगितलेच पाहिजे. पण सांगण्याचा अधिकार त्यालाच, जो तिच्या पोरीला उचलून डॉक्टरकडे नेईल.

तेव्हा तरुणांनो, बायकांवर ओरडणे थांबवा आणि अध्यक्षांकडून किल्ली मागून घ्या. रविवारी एक तास विहार उघडा. वंदनेचा अर्थ मराठीत सांगा. ग्रंथाचे एक पान वाचा, ते पोरांना वाचू द्या. नंतर वस्तीत कोण अडचणीत आहे ते विचारा आणि उठून त्या घरी जा. आपल्या पोरांना बापाचे नाव मानाने ऐकायला दुसऱ्याच्या दारात जावे लागू नये.

जय भीम!