सुतकाच्या घरी स्वयंपाक कोणी करायचा?

१/
घरात मृत्यू झाला की अंत्यविधीनंतर काही तासांतच एक साधा पण अवघड प्रश्न उभा राहतो : जमलेल्यांच्या जेवणाचे काय? स्मशानातून परतलेली माणसे, परगावाहून आलेले नातलग, सकाळपासून उपाशी मुले, औषधांच्या वेळा सांभाळणारे वृद्ध. आज अनेक घरांत याचे उत्तर त्याच घरातल्या सुनेला किंवा मुलीला द्यावे लागते. #इतिहास #धागा

२/
मृत्यूशी निगडित अन्नाच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. पहिलीत अन्न शोकाकुल घरात येते. दुसरीत त्या घरातून ते इतरांना वाढले जाते. दुसऱ्या रीतीवर गेली दीडशे वर्षे वाद झाला, कायदेही झाले. पहिली मात्र गाजावाजा न होता विरत चालली आहे. जपायची असेल तर ती पहिली, असे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

३/
पहिली रीत बहुतेकांनी पाहिलेली असते. त्या दिवशी घरची चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी, सोयरे पिठले-भात किंवा पिठले-भाकरी घेऊन येतात. अनेक ठिकाणी या जेवणाला ‘कडू घास’ म्हणतात. सुतकात गोडधोड होत नाही, आणि सुतक संपल्यावर ‘तोंड गोड’ केले जाते. कडूपासून गोडापर्यंतचा हा काळ शोकाचा मानला जातो.

४/
या रीतीला शास्त्राधार आहे काय? आहे, आणि तो स्पष्ट आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात अंत्यसंस्कारानंतरचा क्रम येतो. वडीलधाऱ्यांनी जुन्या कथा सांगून शोक हलका करावा, लहान मुलांना पुढे घालून घरी परतावे, दाराशी निंबाची पाने चावावीत. त्यानंतर आशौचाच्या दिवसांत विकत घेतलेले किंवा दुसऱ्यांकडून मिळालेले अन्न खावे, जमिनीवर निजावे.

५/
विकत घेतलेले किंवा मिळालेले, म्हणजेच घरी न रांधलेले. याच स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहिली. महाराष्ट्रात तिला मोठे प्रामाण्य मिळाले. या साऱ्या सामग्रीची सविस्तर छाननी भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) सापडते.

६/
सुतकाच्या कल्पनेचा आणखी एक परिणाम ध्यानात घ्यावा. सुतक असलेल्या घरचे अन्न बाहेरच्याने खाऊ नये, असा दंडक होता. त्यामागची अशुद्धीची कल्पना आज अनेकांना पटणार नाही, आणि पटावी असा आग्रहही नाही. पण व्यवहारात त्यामुळे एक गोष्ट साधत असे : भेटीला येणाऱ्यांची सरबराई करण्याचे ओझे त्या घरावर पडत नसे.

७/
ही जाण एकाच धर्माची नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल ज्यू, कोकणी मुस्लिम आणि पारशी शतकानुशतके नांदत आले आहेत. त्यांच्या मूळ धर्मपरंपरांत हाच प्रश्न उपस्थित झालेला दिसतो, आणि उत्तरही जवळजवळ तेच मिळाले आहे.

८/
ज्यू परंपरेत शोक करणाऱ्याने पहिल्या दिवशी स्वतःचे अन्न खायचे नसते, ते शेजाऱ्यांनी आणायचे असते. बॅबिलोनियन तालमूदच्या मोएद कातान या भागात एक उद्बोधक नोंद आहे. पूर्वी श्रीमंत लोक सोन्याचांदीच्या परड्यांतून अन्न नेत आणि गरीब लोक सोललेल्या वाळुंजाच्या फोकांच्या परड्यांतून. त्यामुळे गरिबांना लाज वाटे. म्हणून सर्वांनीच साध्या परड्या वापराव्यात, असे ठरवण्यात आले.

९/
इस्लामी परंपरेतील प्रसंग इ.स. ६२९ चा आहे. मुता येथील लढाईत जाफर इब्न अबी तालिब यांना वीरमरण आले. वार्ता येताच त्यांच्या कुटुंबासाठी अन्न शिजवावे, कारण ते लोक दुःखात गुंतले आहेत, अशा आशयाची सूचना पैगंबरांनी केल्याची नोंद हदीस संग्रहांत आहे. मृताच्या घरी जाऊन तेथेच मेजवानी झोडण्याविरुद्ध अनेक उलेमांनी या प्रसंगाचा आधार घेतला.

१०/
पारशी समाजात मृत्यूनंतर तीन दिवस मांसाहार वर्ज्य मानला जातो. जुन्या वळणाच्या कुटुंबांत या दिवसांत घरी स्वयंपाक करत नसत, जवळचे आप्त अन्न पाठवत. ग्रंथ निराळे, देव निराळे, भाषा निराळ्या. तरी दुःखात असलेल्या माणसावर यजमानपण लादू नये, या एका मुद्द्यावर सर्वांचे एकमत दिसते.

११/
आता दुसरी रीत : तेराव्याचे जेवण. शास्त्राने सांगितले म्हणून मोठी पंगत घालावी लागते, असा समज सार्वत्रिक आहे. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय मात्र वेगळे सांगतो. देवकार्यात दोघांना आणि पितृकार्यात तिघांना जेवू घालावे, किंवा दोन्हींत एकेकालाच. कर्ता कितीही संपन्न असला तरी त्याने विस्ताराच्या मागे लागू नये, कारण विस्ताराने आदरसत्कार, देशकाल, शुचिता आणि ब्राह्मणांची पारख या साऱ्यांचाच नाश होतो.

१२/
मनुस्मृतीतील इतर अनेक विधाने आज त्याज्य आहेत, हे वेगळे सांगायला नको. येथे मुद्दा एवढाच की, पाचशे पानांच्या पंगतीसाठी शास्त्राची ढाल पुढे करणाऱ्याला त्या शास्त्राचाच आधार नाही. पंगत वाढत गेली ती प्रतिष्ठेमुळे, भाऊबंदकीच्या धाकामुळे आणि जातीच्या दडपणामुळे. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य कोणत्याही स्मृतीत नसले तरी त्याचा अंमल स्मृतींहून कडक राहिला.

१३/
या दडपणावर महाराष्ट्रात पहिला जोरकस आघात केला तो जोतीराव फुले यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुरोहिताविना संस्कार करण्याची वाट खुली झाली. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जन्माआधीपासून मरणानंतरच्या श्राद्धापर्यंत भटभिक्षुक शेतकऱ्याकडून दक्षिणा आणि भोजने कशी उकळतात, याचा पाढाच त्यांनी वाचला आहे.

१४/
येथे एक सावधगिरी हवी. ‘शेतकरी लग्नामर्तिकांवर उधळतो म्हणून कर्जात बुडतो’ हे वसाहतकालीन अधिकाऱ्यांचे आवडते स्पष्टीकरण होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. त्यानंतर नेमलेल्या दख्खन दंगे आयोगानेच, लग्ने व सणसमारंभांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे मत नोंदवले.

१५/
म्हणून तेराव्यावर टीका करताना गरिबाला उधळ्या ठरवणे हा इतिहासाचा विपर्यास होय. फुल्यांच्या टीकेचे वैशिष्ट्य हेच की त्यांचा रोख खर्च करणाऱ्यापेक्षा खर्च करायला लावणाऱ्या व्यवस्थेवर होता. आजही कर्ज काढून तेरावा घालणाऱ्या कुटुंबाला उपदेश करण्याआधी, पंगतीत बसणाऱ्याने स्वतःला प्रश्न विचारणे अधिक न्याय्य ठरेल.

१६/
राजस्थानने कायद्याचा मार्ग धरला. १९६० च्या मृत्युभोज प्रतिबंधक अधिनियमाने अशी मेजवानी देणे, तीत सहभागी होणे आणि तिच्यासाठी दुसऱ्यावर दबाव आणणे, हे सारे गुन्हे ठरवले. शिक्षा एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. धार्मिक विधींसाठी शंभर माणसांपर्यंत सूट. मृत्युभोजासाठी कर्ज देण्यासही मनाई. तरीही ही प्रथा तेथे संपलेली नाही.

१७/
कायदा पाने मोजू शकतो. दाराशी डबा आणून ठेवणे त्याच्या आवाक्यात नाही. सुधारणावाद्यांनी दुसऱ्या रीतीवर प्रहार केला तो योग्यच होता. परंतु पहिल्या रीतीची निगा कोणी राखायची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. ती आपोआप टिकेल असे गृहीत धरले गेले.

१८/
पहिल्या रीतीतही दोष होताच, तो झाकण्यात अर्थ नाही. कोणाच्या घरचे अन्न चालते आणि कोणाचे चालत नाही, हे जात ठरवत असे. ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थ बहुधा स्वजातीचा शेजारी एवढाच होता. वेशीबाहेरच्या वस्तीतून गावातल्या वाड्यात पिठले-भात गेला नाही. ही रीत जपायची तर हा भेद वगळूनच जपावी लागेल.

१९/
शहरांत आज चित्र उलटले आहे. शेजार आहे, पण ओळख नाही. दहाव्या-तेराव्यासाठी केटररकडे ठरीव दराची थाळी मिळते, तिच्यात दोन गोडाचे पदार्थ असतात. पहिल्या तीन दिवसांसाठी मात्र कोणाकडेच योजना नसते. भेटीला माणसे येत राहतात आणि आतल्या खोलीत सुतकातल्याच बाईला चहाचे आधण पुन्हा पुन्हा चढवावे लागते. तिला रडायला सवड मिळत नाही.

२०/
२०२०-२१ च्या महासाथीत याची दुसरी बाजू दिसली. अंत्यदर्शन नाही, भेटीगाठी नाहीत, पंगतीचा तर प्रश्नच नव्हता. तरी कित्येक सोसायट्यांत आणि चाळींत विलगीकरणातल्या कुटुंबांच्या दाराबाहेर डबे ठेवले गेले. ते कोणाच्या जातीचे, कोणत्या मजल्यावरचे, हे फारसे कोणी विचारले नाही. पंगत बंद पडली असताना डबा पोहोचत होता.

२१/
एक आक्षेप रास्त आहे. तेराव्याच्या जेवणामुळे विखुरलेले नातलग एकत्र येतात, गेलेल्या माणसाच्या नावाने चार घास वाढल्याचे समाधान घरच्यांना लाभते. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते समाधान ऐच्छिक असावे, ऐपतीत असावे, आणि त्या दिवशी तरी वाढणारे हात घरच्या स्त्रियांचे नसावेत.

२२/
मग योजना कशी असावी? जुन्या रीतीतच तिचे सूत्र आहे. घराबाहेरच्या एकाच व्यक्तीने जबाबदारी घ्यावी, ‘काय आणू?’ असा प्रश्न घरच्यांना दहा जणांनी विचारू नये. पहिल्या दिवशी पिठले-भात किंवा मऊ खिचडी, बिनसाखरेचा चहा वेगळा, पिण्याचे पाणी पुरेसे. मधुमेही, वृद्ध आणि मुले यांची पाने आधी. भेटीला आलेल्यांचा चहा बाहेरच, शेजारच्या घरी.

२३/
गर्दी पहिले तीन दिवस असते आणि डबेही तेव्हाच येतात. खरी उणीव भासते ती चौथ्या दिवसापासून. म्हणून घरे वाटून घ्यावीत : दहा दिवस, दहा घरे. डब्यावर आपले नाव लिहावे, भांडी घासून परत करण्याची अपेक्षा ठेवू नये. काय शिजवायचे याबाबत चढाओढ तर मुळीच नको.

२४/
पिठल्याचे मोल येथे कळते. डाळीचे पीठ घरोघरी असते. भिजवणे नाही, निवडणे-चिरणे फारसे नाही. अर्ध्या तासात दहा माणसांचे होते. त्यात कोणाची श्रीमंती दिसत नाही आणि कोणाची गरिबीही उघडी पडत नाही. तालमूदमधल्या त्या साध्या परडीचे काम आपल्याकडे पिठल्याने केले आहे.

२५/
तेरावा घालावा की घालू नये, हा निर्णय प्रत्येक घराने आपापल्या श्रद्धेनुसार आणि ऐपतीनुसार करावा. त्या घरी पहिल्या रात्री डबा जावा, हा निर्णय मात्र इतरांच्या हाती आहे. त्यासाठी कोणता मुहूर्त लागत नाही, पुरोहित लागत नाही, कायदाही लागत नाही.

आपल्या भागात या जेवणाला काय म्हणतात, त्यात कोणते पदार्थ असतात आणि ते आणण्याचा मान कोणाचा असतो, हे खाली अवश्य नोंदवावे. अशा नोंदी पुस्तकांत क्वचितच सापडतात, आणि सांगणारी पिढी वृद्ध होत आहे. (समाप्त)