अवधूताची दिनचर्या

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की मराठवाड्याची पावले माहूरगडाकडे वळू लागतात. किनवट तालुक्यातील आमचे इस्लापूर बाहेरच्यांना ठाऊक आहे ते पैनगंगेवरील सहस्रकुंडाच्या धबधब्यामुळे. पण दत्तजयंतीच्या दिवसांत आम्हां गावकऱ्यांचे चित्त उत्तरेस, माहूरच्या शिखरावर गुंतलेले असते. श्रीदत्तात्रेय नित्य काशीस स्नान करतात, कोल्हापुरास भिक्षा मागतात, गोदातीरी पांचाळेश्वरास भोजन घेतात आणि निद्रेसाठी माहूरला येतात, अशी आमच्याकडील लहानथोरांची श्रद्धा आहे.

या श्रद्धेतील चमत्कारापेक्षा तिच्यातील नियम आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. त्रैलोक्यात संचार करणाऱ्या अवधूतालाही स्नानाची वेळ आहे, भिक्षेचे गाव आहे आणि दिवस मावळल्यावर परतण्याचे ठिकाण आहे. आम्हां संसारी माणसांच्या दिवसाला मात्र आज ना आरंभ उरला, ना शेवट. डोळे उघडताच हात मोबाइलकडे जातो. मग एस.टी.ची घाई, बँकेतील रांग, बाजारभावाची चिंता! सायंकाळी देह घरी पोहोचतो. मन बाहेरच भटकत राहते.

पूर्वीच्या पिढ्यांना कष्ट कमी होते असे नव्हे. परंतु त्या कष्टांच्या मधूनमधून विसावे होते. सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी, गाईसाठी काढून ठेवलेला घास, तिन्हीसांजेला देवापुढे लावलेली वात. वेळ ठरलेली, कृती ठरलेली. त्यामुळे तेवढा काळ मनाला काही ठरवावे लागत नाही आणि ते आपोआप स्थिरावते. ही जाण कोणा एका धर्माची मिरास नाही. पाच वेळांची नमाज, बुद्धविहारातील त्रिशरण-पंचशील, नांदेडच्या सचखंड गुरुद्वारातील सायंकाळची रहिरास, या साऱ्यांत दिवसाला आवरून धरण्याचे तेच सामर्थ्य आहे.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे दिवस कापूस वेचणीचे आहेत. दिवसभर वाकून कापूस वेचलेली माउली घरी येते, तेव्हा चूल तिची, पाणी तिचे आणि सांजवातही तिचीच. त्या मंद प्रकाशात घरातील इतरांना प्रसन्न वाटते, तिच्या वाट्याला मात्र आणखी एक काम येते. एकाची शांती दुसऱ्याच्या थकव्यावर उभी असेल, तर तिला नित्यनेम कसे म्हणावे? नेम ज्याचा त्याने पाळावा, तरच त्याचे फळ ज्याचे त्याला मिळते. भिक्षेची झोळी दत्तप्रभू स्वतःच्याच खांद्यावर वाहतात, हे आम्ही भक्तांनी विसरता कामा नये.

म्हणून यंदाच्या दत्तजयंतीला मोठे संकल्प नकोत. घरातील प्रत्येकाने, विशेषतः पुरुषांनी, एक लहानसा नेम आपल्या हाती घ्यावा. कोणी अंगण झाडावे, कोणी तुळशीला पाणी घालावे, कोणी वात लावावी, आणि तेवढा वेळ मोबाइल दूर ठेवावा. शेतावरून परतलेल्या माउलीलाही लागलेल्या दिव्यापुढे घटकाभर नुसते बसता आले, तर जयंतीचा उत्सव आमच्या घरी खऱ्या अर्थाने साजरा झाला, असे आम्ही समजू.