होडीवरचे कंपोस्ट शौचालय : आक्षेप आणि उत्तरे

कंपोस्ट शौचालय म्हणजे पाणी न ओतता चालणारी बंदिस्त पेटी. बैठकीच्या पुढच्या भागातून मूत्र वेगळ्या कॅनमध्ये जाते, मैला मागच्या टाकीत पडतो आणि त्यावर दरवेळी लाकडाचा किंवा नारळाच्या काथ्याचा कोरडा भुसा टाकला जातो. हवा खेळती राहिली की मैला सडण्याऐवजी कुजू लागतो. होडीवर असे शौचालय बसवण्याचा विषय निघाला की विरोधाची पाच-सहा कारणे ठरलेली असतात. ती एकेक करून तपासण्यासारखी आहेत.

पहिला आक्षेप असा की, अख्ख्या शहराचे सांडपाणी जिथे जाते तिथे चार खलाशांच्या मैल्याने काय बिघडणार? कोपरीच्या बाबतीत तर हे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. ठाणे पूर्वेचा हा भाग आणि शेजारचा चेंदणी कोळीवाडा खाडीच्या काठावर वसले आहेत, आणि ठाण्याच्या नागरी वस्तीचा भार ही खाडी वर्षानुवर्षे सोसते आहे. पण सांडपाण्यासाठी महापालिकेचा मोठा शुद्धीकरण प्रकल्प कोपरीतच आहे. शहराचा मैला निदान नळातून तिथपर्यंत नेता येतो. होडीतून थेट पाण्यात पडलेला मैला कोणत्याच प्रकल्पापर्यंत पोहोचत नाही. शिवाय खाडी म्हणजे समुद्र नव्हे. जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या मार्पोल करारानुसार प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरच्या पलीकडेच सोडता येतो. हा नियम मोठ्या जहाजांसाठी असला तरी त्यामागचे कारण लहान होडीलाही लागू पडते. ठाणे खाडीत कुठेही उभे राहिले तरी किनारा हाकेच्या अंतरावर असतो, आणि ओहोटीने नेलेले पाणी भरती परत आणते. तिसऱ्या आणि कालवे हेच पाणी गाळून जगतात. मैल्यातले रोगजंतू त्यांच्या अंगात साठतात आणि कालवणातून ताटात येतात. या खाडीच्या एका भागाला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण तो दर्जा नसता तरी हा हिशेब बदलला नसता.

दुसरा आक्षेप दुर्गंधीचा. इथे अनुभव एका जागचा आणि दोष दुसऱ्याचा, असे झाले आहे. सार्वजनिक संडासातली घाण मुख्यतः मैला आणि मूत्र एकत्र साचल्याने येते. मैल्यातले जंतू मूत्रातल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. दोन्ही वेगळे ठेवले की वासाचे मूळच तुटते. उरलेला ओलसर वास बारा व्होल्टवर चालणारा लहानसा पंखा नळीतून बाहेर काढतो. त्याला वीज इतकी थोडी लागते की छोटे सौर पॅनेलही पुरते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात मात्र हवाच दमट असल्याने टाकी सुकत नाही. त्या चार महिन्यांत भुसा अधिक लागतो आणि तो भिजू न देणे हे वेगळे काम होऊन बसते. ही अडचण खरी आहे. पण ती कोरडा भुसा झाकणाच्या डब्यात ठेवून सुटणारी आहे.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हे शौचालय कागद वापरणाऱ्यांसाठी बनले. आपल्याकडे पाण्याशिवाय चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या परदेशी घडणीच्या पेट्यांबाबत हे खरेच आहे. धुण्याचे पाणी टाकीत गेले की सगळा काला होतो आणि कुजणे थांबते. पण याचे उत्तर भारतातच शोधले गेले आहे. तमिळनाडूतल्या मुसिरी परिसरात बांधलेल्या कोरड्या शौचालयांत मैला, मूत्र आणि धुण्याचे पाणी यांना तीन वेगळे मार्ग दिलेले आहेत. होडीवरही धुण्यासाठी बाजूला छोटी मोरी आणि तिच्याखाली तिसरा कॅन ठेवता येतो. जागा थोडी अधिक लागते, सवय मोडावी लागत नाही.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. टाकी रिकामी कोण करणार? या प्रश्नाचे उत्तर या देशात शतकानुशतके जातीने दिले आहे. 2013 च्या हाताने मैला सफाई प्रतिबंधक कायद्याने, मैला पुरता कुजण्याआधी हाताने उचलावा लागेल असे शौचालय अस्वच्छ शौचालय ठरवले आहे. होडीवरच्या टाकीत दोन-तीन आठवड्यांत जे तयार होते ते पुरते कुजलेले नसते, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. म्हणून पगारी माणूस लावून टाकी उपसून घेणे या पद्धतीत बसूच शकत नाही. सिंधुदुर्गातल्या कणकवलीजवळ 1948 साली गोपुरी आश्रम उभा करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करण्याचे प्रयोग केले, ते नेमके याच प्रश्नापोटी. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास केला. ज्याचा मैला त्याने निस्तरावा, हे तत्त्व होडीला अधिकच लागू आहे. वापरणाऱ्यांनीच, नाखव्यासकट, पाळीपाळीने टाकी रिकामी करायची.

पाचवा आक्षेप पर्यायांचा. रेल्वेसारखे बायो-टॉयलेट किंवा साठवण टाकी का नको? बायो-टॉयलेटमध्ये जंतू मैला विरघळवतात, पण त्यातून पाणी बाहेर पडतेच. होडीवर ते खाडीतच जाणार. साठवण टाकी चांगली, पण प्रत्येक वापराला काही लिटर पाणी घेणारी टाकी काही दिवसांत भरते आणि तिला उपसण्यासाठी धक्क्यावर पंपाची सोय लागते. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या शौचालयासाठी होडीच्या तळाला भोकही पाडावे लागते. कंपोस्ट पेटीला ते लागत नाही.

सहावा आक्षेप जागेचा, आणि तो मान्य करावा लागतो. भरतीला जाऊन ओहोटीला परतणाऱ्या उघड्या होडीवर हे शौचालय शोभेचे ठरेल. दोन-चार दिवस पाण्यावर राहणारी केबिनची बोट, ट्रॉलर, राहण्याची पर्यटक बोट, यांच्यासाठीच ते आहे.

बसवताना क्रम पाळावा. पेटी शक्यतो बोटीच्या मध्याजवळ असावी, कारण तिथे हेलकावा कमी असतो. ती तळाला आणि बाजूच्या भिंतीला बोल्टने पक्की करावी. हवेची नळी डेकवर काढून तिच्या तोंडाला जाळी आणि लाटेचे पाणी अडवणारे टोपण द्यावे. टाकीत ओलसर केलेला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आधी भरावा. वापरानंतर आतला माल ढवळणारे हँडल एक-दोनदा फिरवावे. आतला माल चिखलासारखा चिकट वाटला तर भुसा वाढवावा. सुमारे वीस लिटरची टाकी 60 ते 80 वापरांना पुरते असे उत्पादक सांगतात, म्हणजे चार माणसांना दोन-तीन आठवडे. मूत्राचे गणित वेगळे आहे. माणशी दिवसाला साधारण दीड लिटर धरले तर चौघांचे सहा लिटर होते. तो कॅन आणि धुण्याच्या पाण्याचा कॅन बंदरावरच्या शौचालयात रोज रिकामा करावा. बोट रोज धक्क्याला लागत नसेल, तर तितक्या दिवसांचे झाकणबंद कॅन सोबत हवेत.

उरलेले अर्धे शौचालय जमिनीवर असते. धक्क्याजवळ, भरतीच्या रेषेपासून दूर आणि उंच, टाकीतला माल ओतण्यासाठी झाकण असलेले दोन हौद हवेत. एक भरत असताना दुसरा बंद राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्यासारख्या उष्ण हवेत कोरडा मैला वर्षाहून अधिक काळ साठवल्यावरच सुरक्षित मानता येतो. त्यानंतर मिळते ते सोनखत, आणि तेही आधी भाजीला नव्हे, नारळाला घालावे.

म्हणून निकाल असा की, होडीवरच्या कंपोस्ट शौचालयावरचे बहुतेक आक्षेप टिकत नाहीत, पण बंदरावर हौद नसेल तर टाकी रिकामी कोण करणार हा चौथा आक्षेप टिकतो, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. हौदाविना बसवलेली पेटी हा हाताने उपसावा लागणारा जुना टोपलीचा संडासच ठरतो. तेव्हा मच्छीमार सोसायट्यांनी आणि महापालिकेने अनुदान आधी धक्क्यावरच्या हौदाला द्यावे, पेटीला नंतर.