मळी त्यांची, मढं आमचं

कृष्णाकाठाला ऊस आहे. उसाला कारखाना आहे, कारखान्याला मळी आहे आणि मळीच्या शेवटच्या टोकाला आमची वस्ती आहे. सातारा-सांगलीचं एवढं साधं अर्थशास्त्र कुठल्याच क्रमिक पुस्तकात छापलेलं नाही, म्हणून इथं छापतोय.

एक टन ऊस गाळला की चाळीसेक किलो मळी निघते. एक टन मळीतून अडीचशे लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळतं. हल्ली त्यातलं बरंचसं इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातं, हे खरं. पण देशी दारूच्या दुकानातली चपटी काही आभाळातून पडत नाही. ऊस तोडायला बीडकडून आलेला गडी मुकादमाकडून उचल घेतो, कोयता धरतो, थंडीत चारला उठतो आणि रात्री पाठ मोडली म्हणून त्याच उसाची दारू पितो. त्याचा घाम एकदा साखरेत विकला जातो, दुसऱ्यांदा बाटलीत. दोन्ही वेळा गल्ला दुसऱ्याचाच.

जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं दारूवरचा कर वाढवला. देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये झाली. जोडीला धान्यापासूनची ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाची नवी जात काढली, तिची किमान किंमत १४८. सरकारचा हिशेब होता, वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे मिळतील. आता आपलाही हिशेब करू. रोज एक चपटी म्हणजे महिन्याला २४०० रुपये, वर्षाला २९ हजार दोनशे. रोज एकावर भागवणारा गडी आम्ही अजून बघितलेला नाही, तरी एकच धरू. कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगाराच्या हातात महिनाअखेर काय पडतं ते विचारा, आणि त्यातून हे वजा करा. उरतं त्यात पोराची कॉलेजची फी बसवून दाखवा. शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढायचे आणि शिष्यवृत्तीएवढी रक्कम गुत्त्यावर मोजायची, हा कुठला लढा म्हणायचा?

सिव्हिल हॉस्पिटलच्या पुरुषांच्या वॉर्डात एकदा उभे राहा. पोट घागरीसारखं फुगलेलं, हातपाय काड्या, डोळे पिवळे, असा माणूस दिसेल. वय विचारलं तर चाळीसच्या आत. लिव्हरवर आधी चरबी चढते, मग सूज येते, मग ते दगडासारखं होतं. पोटात पाणी साठतं, रक्ताची उलटी होते. लिव्हर दुखत नाही म्हणून गडी शेवटपर्यंत म्हणत राहतो, ‘मला काय झालंय?’ तोंडाच्या, घशाच्या, लिव्हरच्या आणि बायांमध्ये स्तनाच्याही कर्करोगाशी दारूचं नातं सिद्ध झालंय. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्टच सांगितलं की सुरक्षित असं प्रमाण नाहीच. ‘थोडी घेतली तर औषध’ हे पुराण तिथंच संपलं.

घरातलं तर सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आकड्यात सांगतो, कारण आकडा बघितल्याशिवाय आपल्यातले शिकलेले मानत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, नवरा वारंवार दारूत असतो अशा बायकांपैकी ७० टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली. नवरा पीतच नाही तिथं २३ टक्के. म्हणजे न पिणाराही मारतोच. पुरुषी माज बाटलीतून जन्मत नाही, पण बाटली त्याला मोकळं रान देते. अत्याचाराविरुद्ध सभेत गळा काढणारा कार्यकर्ता घरी जाऊन हात उचलत असेल, तर त्याच्या बायकोला आपली चळवळ कशी दिसत असेल?

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द. आपल्यातल्या काही कवींना वाटतं, पिणं म्हणजे बंडखोरी. सोवळ्या संस्कृतीच्या तोंडावर मारलेली चूळ. अरे, ज्या व्यवस्थेनं आपल्या आज्याला मेलेलं ढोर ओढायला लावलं आणि वर गुत्ता दाखवला, तिचीच बाटली तोंडाला लावून तिच्याविरुद्ध बंड? आणि १४ एप्रिल. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीमागं काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या साताऱ्यात भिवा शाळेत दाखल झाला, त्या साताऱ्याच्या रस्त्यावर त्याच्या फोटोपुढं झिंगून नाचायचं? मग निवडणूक येते. ढाब्यावरचं जेवण, माणशी एक क्वार्टर, आणि पाच वर्षं तोंड बंद. आपलं मत एवढं स्वस्त कुणी केलं, याचं उत्तर फक्त वाड्यावर शोधू नका.

काही शहाणे लगेच बोट दाखवतील: बाबासाहेबांचाच दारूबंदीला विरोध होता ना? होता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात तो नोंदलेला आहे. बंदीनं महसूल बुडतो आणि भट्टी घराघरात शिरते, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा लाखोंकडून वदवून घेतली. ज्याला यात विसंगती दिसते त्यानं दोन्ही नीट वाचलेलं नाही. पोलिसाच्या दांडक्यानं आणलेली बंदी वेगळी, माणसानं स्वतःच्या माणूसपणासाठी सोडलेली दारू वेगळी. पहिलीचं काय होतं ते आम्ही बघतोच. हा मुलूख १९४९ च्या कायद्याखाली आहे. नाव दारूबंदीचं, आणि परवाना देणारा कायदाही तोच. पकडला जातो कोण? काळा गूळ आणि नवसागर घालून पिंप लावणारा पारधी, कंजारभाट, नाहीतर आमच्यातलीच एखादी विधवा. हप्ता देऊन धंदा करतात आणि हप्ता चुकला की आत जातात. डिस्टिलरीच्या चेअरमनला हातकडी घातलेली कुणी पाहिली असेल तर कळवा. भट्टीची बाजू आम्ही घेत नाही. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मारली, ती सगळी गरिबांचीच होती.

याच मातीत दुसरी गोष्टही झालेली आहे. १९४० च्या दशकात, सांगली वेगळी व्हायच्या आधी, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगावी दारू बंद पाडली होती. इंग्रजांच्या फौजदाराला विचारून नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’तर्फे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. व्यसन हा आजार आहे, पाप नाही, हे त्यांनी सांगितलं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना गोळ्या घातल्या; केंद्र चालूच राहिलं. पंढरीची माळ घालून सुटलेले गडीही आम्ही पाहिलेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. एसटी स्टँडवर ‘न कळत दारू सोडवा’ म्हणून पुड्या विकणाऱ्यांशी मात्र आहे. चहातून चोरून दिलेलं ते औषध पोटात दारू असताना जीव घेऊ शकतं. आणि जुना पिणारा एकदम थांबला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, फिट, भास सुरू होतात. ती भूतबाधा नसते. मांत्रिक नको, दवाखान्यात न्या.

बायांनी तर आपल्या आधीच सुरुवात केलीय. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की उत्पादन शुल्क खात्याला गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. जावळी तालुक्यातल्या बायांनी हे हत्यार चालवून दुकानं बंद पाडली. पण यात एक गोम आहे. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायांच्या. आमदार तीस टक्क्यांवर निवडून येतो, दुकान मात्र पन्नासच्या खाली पडत नाही. मेलेली म्हातारी, लग्न होऊन गेलेली पोरगी, मुंबईला कामाला गेलेली बाई, सगळ्या न येता दुकानदाराच्या बाजूनं मोजल्या जातात. आणि रोजंदारीवरच्या बाईला त्या दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभं राहावं लागतं.

म्हणून काम आहे, आणि ते तरुणांचं आहे. यादी तहसीलमधून आणा. वस्तीतल्या पोरापोरींनी घरोघर फिरून मेलेल्यांची, गेलेल्यांची नावं शोधा, फॉर्म नंबर ७ भरून ती कमी करायला लावा. हे सह्यांच्या आधी व्हायला पाहिजे, नंतर नव्हे. मतदानाच्या दिवशी ज्यांचा रोज बुडणार आहे त्यांच्या रोजासाठी जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा पैसा बाजूला काढा. जयंती मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय पहिल्या नंबरवर घ्या. जो अध्यक्ष पिऊन येईल त्याला त्या दिवशी खुर्ची देऊ नका.